पिनकोड तुमचा, गिऱ्हाईक त्यांचं

नोकरदार माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य तारापूर एमआयडीसीतली नोकरी गेल्यावर कुरिअरची फ्रँचायझी घेऊन पुढे ती बंद केलेल्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. मलाही लागलं, अजून लागतं. गंमत म्हणजे हे वाक्य सगळ्यांत आधी बोलतो तो कंपनीचा माणूस, म्हणजे ज्याने सहा महिन्यांपूर्वी 'यात अनुभवाची काही गरज नाही' असं सांगितलेलं असतं तोच. कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही, कराराच्या बांधणीचा आहे. आणि या आरोपाला रागाने उत्तर देऊन उपयोग नाही, हिशेबानेच द्यावं लागेल. माझं म्हणणं एवढंच आहे: कुरिअरचा धंदा वाढतोय का, हा प्रश्न विचारला की उत्तर 'घेऊन टाका' असंच येतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दर कोण ठरवतो, आणि गिऱ्हाईक कुणाच्या नावावर आहे? या दोन्हींचं उत्तर 'कंपनी' असेल, तर तुम्ही धंदा विकत घेत नाही आहात. स्वतःची अनामत भरून, स्वतःच्या भाड्याच्या गाळ्यात, रजा आणि पीएफ नसलेली नोकरी विकत घेत आहात.

फ्रँचायझीची मिळकत दोन बाजूंनी येते, बुकिंग आणि डिलिव्हरी. पैसा बुकिंगमध्ये असतो आणि राबणूक डिलिव्हरीत. फ्रँचायझी विकणारा नकाशावर तारापूर एमआयडीसीच्या ४०१५०६ वर बोट ठेवतो आणि म्हणतो, एवढे कारखाने आहेत, रोज नुसते कागदच किती निघत असतील बघा. कागद निघत होते, हे खरं. पण आता पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या प्रत्येक कंपनीला १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या कंपनीच्या नावाचं बिल ई-इनव्हॉइस म्हणून काढावं लागतं. पैसे आरटीजीएसने जातात, चेकचं पाकीट निघत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं असलं, तरी सरकारी आणि बँकांच्या नोटिसा आपल्या जुन्या वाटेने पोस्टातच जातात. उरला माल. ज्या कारखान्याचा माल नियमित निघतो, त्याच्याशी कुरिअर कंपनीचं मुंबईचं ऑफिस थेट करार करतं. त्याला आमच्या भाषेत डायरेक्ट अकाउंट म्हणतात. कारखाना तुमच्या पिनकोडमध्ये, पिकअपला जाणारा पोरगा तुमचा, बिल मात्र कंपनीचं आणि तुम्हाला नगामागे हाताळणीचे किरकोळ पैसे. शिवाय सगळ्यांत मोठी पार्सलं ज्यांची, ते ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट बराचसा माल स्वतःच्याच यंत्रणेतून पोचवतात. रस्त्यावर पाठीला भलीमोठी बॅग लावलेली पोरं दिसतात म्हणून धंदा जोरात आहे असं वाटतं. त्यातली बहुतेक तुमच्या काउंटरवरून सुटलेली नसतात.

मग हाती उरते डिलिव्हरी. तिचा हिशेब उदाहरणापुरता मांडतो, आकडे आपापले घाला. नगामागे १२ रुपये, दिवसाला ६० नग पोचले आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर १८,७२० रुपये होतात. एका पोराचा पगार १४,००० आणि पेट्रोल ४,००० म्हटलं तर शिल्लक ७२०. गाळ्याचं भाडं, वीज, इंटरनेट आणि तुमचा स्वतःचा पगार त्या सातशे वीस रुपयांतून काढायचा. बरं, ६० नग 'आले' म्हणजे ६० 'पोचले' नव्हे. बोईसरचा पत्ता ज्याने शोधलाय त्यालाच ते कळेल. खैरापाडा, पास्थळ, धोडीपूजा या भागांतल्या चाळींना नंबर असतोच असं नाही, भाडेकरू परराज्यातला, फोन बदललेला, माणूस पहिल्या पाळीला कामावर. नग परत येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, तिसऱ्या दिवशी आरटीओ, म्हणजे 'पाठवणाऱ्याकडे परत', असा शेरा लागून हबला परत. त्या तीन फेऱ्यांचे पैसे बहुतेक करारांत शून्य. त्यात चिंचणी, तारापूर, नांदगाव, मुरबे अशी किनाऱ्याची गावं जोडून दिली असतील, तर एका पाकिटासाठी जाऊन-येऊन वीस किलोमीटर सहज होतात. पालघरचीही तीच गत. शहर ४०१४०४ म्हणून घ्यावं आणि सही करताना मनोरचा ४०१४०३ सोबत लावलेला दिसावा. विक्रीच्या वेळी पिनकोड जितके जास्त तितका 'एरिया मोठा' असतो. बिलाच्या वेळी तोच मोठा एरिया तुमचं पेट्रोल पितो.

नवख्याला सगळ्यांत जास्त मार बसतो तो वजनाचा, म्हणून ते जरा सविस्तर. काउंटरवर ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा कापडाच्या नमुन्यांचा खोका येतो. काट्यावर भरतो सहा किलो. तुम्ही सहा किलोचे पैसे घेता, पावती फाडता. हबमध्ये तो खोका पट्टीने मोजला जातो: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. उत्तर १९.२. कंपनीचं बिल तुमच्या नावे १९.२ किलोचं. गिऱ्हाईक फरक देत नाही आणि कायम राहायला हवं असेल तर तुम्ही मागतही नाही. हा नियम कुरिअरच्या जगात सर्रास आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. लपवतात ते हे की, फरकाची डेबिट नोट गिऱ्हाइकाला नाही, तुम्हाला येते. दुसरी खास तारापूरची बाब रसायनांच्या नमुन्यांची. इथली निम्मी चौकशी 'सॅम्पल जाईल का' अशीच असते. द्रव, पावडर, सॉल्व्हंट यांतलं बरंचसं हवाई मार्गाने धोकादायक मालाच्या नियमांखाली येतं, एमएसडीएस (रसायनाच्या सुरक्षिततेची माहिती देणारा कागद) आणि घोषणापत्र लागतं, आणि गिऱ्हाइकाने बाटलीवर 'वनस्पती अर्क' लिहून दिलेला माल विमानतळावर पकडला गेला की बुकिंगच्या पावतीवर शिक्का तुमचा असतो. नमुना नाकारला तर गिऱ्हाईक जातं, घेतला तर जोखीम येते. प्रदूषणाच्या निर्देशांकात २०१८ साली ९३.६९ गुण 'मिळवून' तारापूर देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत पहिलं आलं होतं. कसले नमुने येणार हे त्यावरून समजावं.

आता कंपनीच्या वागण्याकडे येतो, कारण उमज पडते ती तिथेच. विक्री करणारा अधिकारी आणि नंतर तुमच्याशी बोलणारा अकाउंट विभाग ही दोन वेगळी माणसं असतात, आणि पहिल्याने दिलेला शब्द दुसऱ्याला माहीत नसतो. पहिला फोनवर बोलतो, व्हॉट्सॲपवर कॉल करतो, कागदावर काही ठेवत नाही. दुसरा फक्त ईमेलवर बोलतो आणि प्रत्येक ईमेलमध्ये करारातल्या कलमाचा क्रमांक असतो. 'डायरेक्ट अकाउंटमधून तुम्हाला वाटा मिळेल' हे पहिल्याचं वाक्य. 'कलमानुसार कंपनीला कॉर्पोरेट ग्राहकांशी थेट व्यवहाराचा अधिकार राहील' हे दुसऱ्याचं. अनामत परत मागितली की हिशेब निघतो: हरवलेला नग, उशिरा चढवलेलं पीओडी (माल पोचल्याचा पुरावा), वजनाचा फरक, न वापरलेली स्टेशनरी. सगळं वजा होऊन हाती येतं ते पत्र, रक्कम नव्हे. आमच्या पैशांवर जाळं पसरायचं आणि जाळं मोठं झालं म्हणून जाहिरात करायची, आयजीच्या जिवावर बायजी उदार ती हीच.

कुणी म्हणेल, करार वाचून सही करायची ना. वाचावाच. पण नुसतं वाचणं पुरत नाही, कारण करारात नसलेली माहितीच महत्त्वाची असते. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला पैसे किंवा सही घेण्याच्या किमान १४ दिवस आधी खुलाशाचा दस्तऐवज द्यावा लागतो. त्यात किती फ्रँचायझी बंद पडल्या आणि सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा करायचा, हेही असतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. आहे तो १८७२ चा करार कायदा. त्यातलं ७४ वं कलम मात्र लक्षात ठेवा: करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती सगळी आपोआप जप्त करता येत नाही, वाजवी भरपाईपुरतीच मिळते. अडचण अशी की हे म्हणायला जायचं कुठे? कलमात लवाद दिल्लीचा किंवा आणखी कुठल्या लांबच्या शहराचा असतो, आणि ग्राहक आयोगात गेलात तर पलीकडचा वकील पहिला मुद्दा 'हा व्यापारी व्यवहार' असाच काढतो. स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात त्यातून वगळलेली आहे, पण तिथे सेवेचा उल्लेख नाही, त्यामुळे हा वाद घालण्यातच वेळ जातो आणि वेळ कंपनीकडे जास्त असतो.

आणखी एक आक्षेप नेहमीचा: वाढवण बंदर येतंय, बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होतंय, आता थांबलात तर संधी गेली. वाढवणची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, प्रकल्प ७६,२२० कोटींचा आहे, हे सगळं खरं. पण बंदराचा माल कंटेनरने जातो, आमच्या खोक्यांतून नाही, आणि गाळ्याचं भाडं या महिन्यापासून सुरू होतं. पालघरात अमक्याचं कुरिअर वीस वर्षं चाललंय, असंही सांगतात. चाललंय, कारण गाळा त्याचा स्वतःचा आहे, काउंटरवर चार कंपन्यांचं बुकिंग होतं, बाजूला झेरॉक्स आणि रेल्वेची तिकिटं आहेत, आणि गिऱ्हाईक त्याला ओळखतं, पाटीला नाही. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

तेव्हा ज्याला फ्रँचायझी घ्यायचीच आहे त्याने निदान एवढं करावं. मागच्या तीन महिन्यांचे त्या पिनकोडचे इनवर्ड-आउटवर्ड आकडे कंपनीकडून ईमेलवर मागावेत; तोंडी आकडा धरू नये. तुमच्या आधी तो पिनकोड कुणाकडे होता आणि त्याने का सोडला, हे विचारावं. हबची गाडी किती वाजता येते ते स्वतः पाहावं, दुपारी बारानंतर बॅग येत असेल तर त्या दिवशीची डिलिव्हरी अर्धी गेलीच. फ्रँचायझीच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, दोन लाखांवर ३६,००० होतात, आणि स्वतःची नोंदणी नसेल तर ते परत येत नाहीत. नोकरी गेल्यावर मिळालेली भरपाई, ग्रॅच्युइटी, पीएफ हे सगळे पैसे एका ठिकाणी घालू नयेत. घरच्यांशी बोलावं. शक्य असेल तर आधी दोन-तीन महिने एखाद्या हबमध्ये किंवा काउंटरवर पगारावर काम करावं. नुसता बुकिंग काउंटरच हवा असेल तर पोस्टाची फ्रँचायझी योजना पाहावी. तिथे कमिशन थोडं आहे, पण अनामत हजारांत आहे, लाखांत नाही.

आणि बोईसर-पालघरमध्ये आपलं कुरिअरचं शटर ओढलेल्या मंडळींना एक विनंती. नव्या माणसाला जाळ्यात घेताना कंपनीच्या कामाला येतं ते आपलं गप्प बसणंच. कुणी विचारायला आलं तर लाजू नका. किती अनामत भरली, किती परत आली, महिन्याला हातात काय उरलं, हे तीन आकडे त्याला सांगा.