यंत्राचं नाक, आपलं नाक आणि बोटीचा खण



लिलावात व्यापारी बांगड्याचा कल्ला उघडतो, नाकाजवळ नेतो आणि लगेच भाव बोलतो. तेवढ्या क्षणात त्याचं नाक आणि मेंदू मिळून जे काम करतात, ते यंत्राला शिकवायचा प्रयत्न शास्त्रज्ञ बरीच वर्षं करताहेत. आज ते काम कुठवर आलंय ते समजून घेऊया. लेखाचा शेवटचा भाग आपल्या जिवाशी संबंधित आहे, तेव्हा पूर्ण वाचा आणि बोटीवरच्या खलाशांनाही वाचून दाखवा.

*१. नाक वास कसा ओळखतं?*

माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे 400 प्रकारचे रिसेप्टर असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये ते कुठल्या जनुकांपासून बनतात हे शोधलं, आणि 2004 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. एका वासाला एकच रिसेप्टर, असं नसतं. भजनात पेटीवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या की एक सूर उमटतो, तसं एका वासाला बरेच रिसेप्टर एकदम जागे होतात. कुठले जागे झाले आणि किती, यावरून मेंदू वास ओळखतो.

ताज्या समुद्री मासळीला फारसा वास नसतो. मासळी मेल्यावर जिवाणू तिच्यातल्या एका पदार्थापासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. आपण ‘मासळीला वास मारायला लागला’ म्हणतो तो मुख्यतः याचाच.

*२. यंत्राचं नाक*

1982 मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा पर्सॉद आणि जॉर्ज डॉड यांनी अगदी थोडे सेन्सर घेऊन नाकाची नक्कल केली. आज असे बरेचसे सेन्सर धातूच्या ऑक्साइडचे असतात. ते तापवलेले असतात आणि वायू लागला की त्यांच्यातून वीज वाहण्यात फरक पडतो. एकच सेन्सर अनेक वायूंना प्रतिसाद देतो, म्हणून इथेही सगळ्यांचा मिळून ‘सूर’ ओळखावा लागतो. अडचण तिथेच आहे. जेटीवर डिझेल, बर्फ, जाळी, घाम, मासळी असे सगळे वास एकत्र असतात. आपलं नाक त्यातून नेमका वास वेगळा काढतं. साध्या संगणकाला ते जड जातं.

*३. मेंदूसारखी चिप*

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस क्लेलँड आणि इंटेल कंपनीचे नबील इमाम यांनी मेंदूचा वास ओळखणारा पहिला भाग जसा चालतो, तसंच गणित मांडलं. ते त्यांनी इंटेलच्या ‘लोईही’ चिपवर चालवलं. या चिपमध्ये सुमारे 1,30,000 कृत्रिम मज्जापेशी आहेत. खऱ्या पेशींप्रमाणे त्या लहान लहान ठोक्यांनी बोलतात, आणि ठोका नेमका कधी पडला यालाही अर्थ असतो.

मार्च 2020 मध्ये त्यांचं काम छापून आलं. 72 सेन्सरांची आधीच नोंदवून ठेवलेली माहिती वापरून चिपला अमोनिया, मिथेन, ॲसिटोन असे 10 वायू शिकवले होते. प्रत्येक वायूचा एकच नमुना दिला. मग माहितीत मुद्दाम गडबड घातली, तरी चिपने वायू ओळखले. तुलनेला घेतलेल्या डीप लर्निंग पद्धतीला तेवढंच अचूक व्हायला 3,000 पट नमुने लागले. नवा वास शिकताना जुना विसरायचा नाही, हीसुद्धा मेंदूचीच खुबी. त्यासाठी त्यांनी नव्या वासाला नव्या पेशी जोडल्या.

*४. मग दुसऱ्यांनी तपासलं*

निक डेनलर, आंद्रे व्हान शाइक आणि मिखाएल श्मुकर यांनी तेच काम पुन्हा करून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष 2024 मध्ये आला. मूळ नोंदी घेताना वायूंचा क्रम मिसळलेला नव्हता. सेन्सर काळानुसार हळूहळू सरकतात, म्हणजे तोच वायू असला तरी काही महिन्यांनी आकडा बदलतो. त्यामुळे यंत्र वायू ओळखतंय की सेन्सरची त्या दिवसाची अवस्था, हेच सांगता येत नव्हतं. शिवाय तोच वायू पुन्हा सोडला की चिप अडखळत होती. एवढ्या मर्यादित परीक्षेला साध्या तक्त्याची पद्धतही पुरली असती, असं त्यांनी दाखवलं.

म्हणजे हे काम वाया गेलं का? नाही. मेंदूची रीत उपयोगी आहे, ती सिद्ध करायला अजून चांगली परीक्षा हवी, एवढंच. पण उद्या कुणी ‘ताजेपणा सांगणारं यंत्र’ विकायला आला, तर आपण दोन प्रश्न विचारायचे: सहा महिन्यांनी त्याचा आकडा तोच येतो का, आणि आपल्या जेटीवर, आपल्या मासळीवर तपासलंय का?

*५. नाकावर कुठे विसंबू नये*

पहिली गोष्ट हिस्टामिन. बांगडा, कुपा उन्हात राहिला की हे विष तयार होतं. मासळी दिसायला आणि वासाला ठीक असू शकते, आणि शिजवूनही हिस्टामिन जात नाही. यावर उपाय एकच, पकडल्या क्षणापासून भरपूर बर्फ.

दुसरी गोष्ट बोटीचा खण. बंद खणात कुजलेली मासळी आणि रक्ताचं पाणी साचलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी असला तरी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस खाली उतरतो आणि तिथेच पडतो. त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही पडतो.

म्हणून आमचं सर्व बोटमालकांना सांगणं आहे:

– खणाचं झाकण उघडून, पंख्याने हवा खेळवल्याशिवाय कुणालाही खाली उतरवू नका.
– हा गॅस आणि प्राणवायू मोजणारा मीटर दोरीने तळापर्यंत सोडून आधी आकडा बघा. जड गॅस तळाशी बसतो.
– त्या मीटरचा सेन्सरही सरकतो. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तो तपासून घ्या.
– एकाने वर थांबायचं. खालच्याच्या कमरेला दोरी बांधलेली हवी.
– खाली कुणी पडला तर मागोमाग उतरू नका. दोरीने वर ओढा, हवा सोडा आणि मदत बोलवा.

यंत्राचं नाक अजून शिकतंय. आपलं नाक लिलावात पक्कं आहे, पण खणाच्या तोंडाशी त्याच्यावर भरवसा ठेवू नका.