आधारदर्शक शब्दप्रयोग आणि संशोधनलेखन : पलूस परिसरातील दोन उदाहरणे

संशोधनपर लेखनात विधानाला आधार देताना 'नुसार', 'च्या मते', 'असे सांगतात', 'यावरून दिसते' असे शब्दप्रयोग योजावे लागतात. इंग्रजीतील 'अकॉर्डिंग टू'ला पर्याय म्हणून यांपैकी 'नुसार' हा एकच शब्द पुष्कळदा सर्वत्र वापरला जातो. वस्तुतः त्यात अनुसरण्याचा अर्थ असल्याने नियम, आदेश, करार यांच्याशी तो सहज जुळतो. मत आणि ऐकीव माहिती यांनाही तो लावला, की पुराव्यांतील भेद पुसला जातो. हा भेद का जपावा, हे पलूस परिसरातील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण लिखित साधनाचे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू झाले. त्यातील एखाद्या लेखाचा आधार घेताना 'अमुक अंकात असे छापले आहे' हे विधान निर्विवाद ठरते. परंतु अंकाने सिद्ध होते ते मजकूर छापला गेला एवढेच. त्यातील प्रतिपादन 'लेखकाच्या मते' असेच मांडावयास हवे. ते तपासण्याची जबाबदारी अभ्यासकावर राहते.

दुसरे उदाहरण मौखिक परंपरेचे. १९४३ ते १९४६ या काळात सातारा परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार कार्यरत होते. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र. लोकांत ते 'पत्री सरकार' म्हणून ओळखले गेले. अपराध्याच्या तळपायांवर फटके मारण्याच्या शिक्षेला 'पत्री मारणे' म्हणत व त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. 'प्रति'चा लोकोच्चार 'पत्री' झाला, असेही मानले जाते. येथे 'इतिहासानुसार' असा आरंभ केल्यास लोकव्युत्पत्तीला सिद्ध घटनेचे स्थान मिळते. उलट, बोलीतला 'म्हणे' लेखनात आणल्यास सांगणाऱ्यावर अविश्वास सूचित होतो. 'असे सांगतात' या प्रयोगाने दोन्ही दोष टळतात. त्यायोगे कथनाचे मोल घटत नाही. लोकांनी त्या सत्तेला कोणत्या रूपात स्मरणात ठेवले, याचा तो पुरावाच ठरतो. मात्र कोणी, कोठे व केव्हा सांगितले, याची नोंद सोबत हवी.

त्या लढ्याचे साक्षीदार आता फारसे उरलेले नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेले, कागदावर वाचलेले आणि अभ्यासकाने अनुमानिलेले यांतील सीमारेषा पुढील पिढीला कळेल, ती केवळ आपण योजलेल्या आधारदर्शक शब्दांवरूनच.