व्हिनेगर खरंच चार टक्के आहे का?

पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर बहुधा ‘ॲसेटिक आम्ल ४ टक्के’ असं छापलेलं असतं. म्हणजे १०० मिलीत ४ ग्रॅम. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतल्या सामानावर हा दावा एका दुपारी तपासून होतो. व्हिनेगर पांढरंच घ्या. सफरचंदाच्या तपकिरी व्हिनेगरमध्ये शेवटची फिकट गुलाबी छटा दिसतच नाही.

५० मिलीची ब्युरेट, १० आणि २० मिलीचे पिपेट, १०० आणि २५० मिलीचे स्टँडर्ड फ्लास्क, कोनिकल फ्लास्क, ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक, सोडिअम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फ्थॅलीन आणि भरपूर ऊर्ध्वपातित पाणी, एवढं काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. पिपेट तोंडाने ओढू नका, रबरी फुगा वापरा. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे आणि सोडिअम हायड्रॉक्साइड कातडी जाळतं.

आधी सोडिअम हायड्रॉक्साइडचे सुमारे २ ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. पाणी उकळून गार केलेलं असावं, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हे द्रावण साधारण ०.१ मोलर होईल, नेमकं किती ते वजनावरून कळणार नाही. त्याच्या गोळ्या तराजूवर असतानाच हवेतली ओल शोषतात, कार्बन डायऑक्साइडही खातात. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक तसे नाहीत, म्हणून भरवसा त्यांच्यावर ठेवायचा. त्यांचा एक मोल १२६ ग्रॅमचा. स्फटिकातल्या पाण्याचे दोन रेणू धरून. ते विसरून ९० धरणारे दरवर्षी निघतात. १.५७६ ग्रॅम घेऊन २५० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरलं की ०.०५ मोलर द्रावण तयार. मात्र १.५७६ च हवं म्हणून चमच्याने एकेक स्फटिक काढत-घालत बसू नका. दीड-पावणेदोन ग्रॅमच्या मधलं जे वजन येईल ते नेमकं लिहा आणि मोलॅरिटी त्यावरून काढा. इथे हिशेबाला ०.०५ धरू.

आता धुण्याचं बघू. निम्मे प्रयोग इथेच बिघडतात आणि खापर मात्र शेवटच्या थेंबावर फुटतं. ब्युरेट पाण्याने धुतल्यावर पुन्हा सोडिअम हायड्रॉक्साइडच्याच थोड्या द्रावणाने विसळा. पिपेट ज्या द्रावणासाठी आहे त्याच द्रावणाने विसळा. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने, आणि तो ओला राहिला तरी काही बिघडत नाही. पात्रागणिक नियम वेगळा असला तरी कारण एकच: आपण मोल मोजतो आहोत. ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं आणि तितकेच मोल द्यायला जास्त मिली खर्ची पडतात. कोनिकलमध्ये पिपेटने सोडलेले मोल ठरलेले. त्यात पाणी मिसळल्याने ते घटत नाहीत की वाढत नाहीत. तोच फ्लास्क आम्लाने विसळला, तर मोजणीत न आलेलं आम्ल भिंतीला चिकटून राहतं आणि रीडिंग वाढतं.

ब्युरेट भरल्यावर तोटीखालचा हवेचा बुडबुडा काढा आणि वरची चाडी उचलून ठेवा. तिच्यातून मागाहून एक थेंब पडला तरी रीडिंग चुकतं. वाचताना डोळा पातळीच्या रेषेत ठेवून द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ बघा.

कोनिकलमध्ये ऑक्झॅलिकचे १० मिली आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घ्या. खाली पांढरा कागद ठेवा. फ्लास्क हलवत ब्युरेटमधलं द्रावण सोडा. पहिलं पायलट रीडिंग घाईने घेतलं तरी चालेल. पुढच्या वेळी त्याच्या एक मिली अलीकडे थांबा आणि तिथून थेंब-थेंब. गुलाबी छटा जितकी फिकी तितकी बरी, पण अर्धा मिनिट टिकली पाहिजे. नंतर ती उडाली तर घाबरू नका, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं ते काम. तीन रीडिंगं जुळली की तो सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. शेजारच्या जर्नलमधून उतरवलेला सीबीआरही तिन्ही वेळा सुरेख जुळतो, पण त्याने बाटलीचं काही कळत नाही.

समजा १०.३ मिली लागले. १० मिली ऑक्झॅलिकमध्ये ०.५ मिलिमोल आम्ल. त्याच्या एका रेणूत दोन आम्लधर्मी हायड्रोजन, म्हणून सोडिअम हायड्रॉक्साइडचे १ मिलिमोल खर्ची पडले. १ भागिले १०.३ म्हणजे ०.०९७१ मोलर. हा दोनाचा गुणक विसरून दोन्हीकडे नुसता मोलॅरिटी-गुणिले-आकारमानाचा गुणाकार मांडला तर उत्तर थेट निम्मं येतं.

आता व्हिनेगर. ते सरळ घेतलं तर ब्युरेटमधलं द्रावण फार लागतं, म्हणून १० मिली घेऊन १०० मिलीपर्यंत पातळ करा. त्यातले २० मिली कोनिकलमध्ये घेऊन वरचीच कृती करा. दर्शक तोच ठेवा. ॲसेटिक आम्ल सौम्य असल्याने उदासिनीकरण पूर्ण होतं तेव्हा द्रावण किंचित अल्कधर्मी असतं आणि फिनॉल्फ्थॅलीन त्याच पट्ट्यात रंग बदलतो. मिथिल ऑरेंज खूप आधीच रंग बदलून मोकळा होईल.

सीबीआर १३.६ मिली आला असं धरा. १३.६ गुणिले ०.०९७१ म्हणजे १.३२ मिलिमोल. ॲसेटिक आम्ल इथे एकास एक जुळतं, तेव्हा २० मिलीत तेवढेच मोल: ०.०६६ मोलर. दहापट पातळ केलं होतं, म्हणून मूळ व्हिनेगर ०.६६ मोलर. ६० ने गुणलं की लिटरला ३९.६ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ३.९६ ग्रॅम. बाटली खरं बोलते आहे.

ब्युरेट मात्र तशीच सोडून जाऊ नका. सोडिअम हायड्रॉक्साइड राहिलं की काचेची तोटी धरते आणि मग हलता हलत नाही. लगेच पाण्याने धुवा आणि तोटी उघडी ठेवून ब्युरेट स्टँडला उलटी लावा.