रंगीत पट्ट्यांतून रोपांची निवड : भाताच्या जनुकीय विविधतेचे आलेख कसे वाचावेत

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम परिसरात सांबा हंगामातील भात शेतात उभा असताना ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो आणि निचरा मंद असलेल्या खाचरांतील कोवळी रोपे पाण्याखाली जातात. या पट्ट्यात परिचित असलेल्या ‘सीआर १००९’ या दीर्घ मुदतीच्या वाणाचे ‘सीआर १००९ सब-१’ हे पूरसहनशील रूप म्हणूनच महत्त्वाचे ठरते. मात्र असे रूप हाती येताच शेतकरी विचारतो, “दाणा, मुदत आणि उतारा जुन्यासारखाच राहील ना?” पैदासकार या प्रश्नाचा विचार कसा करतात, हे जनुकीय आलेखावरून समजते.

पार्श्वभूमी

सब-१ हा जनुकसमूह भाताच्या १२ गुणसूत्रांपैकी ९ व्या गुणसूत्रावर आहे. त्याचा दाता ओडिशातील ‘एफआर १३ए’ हे वाण होय. त्यातील सब-१ए जनुकामुळे बुडालेले रोप उंच वाढण्यात शक्ती खर्च करीत नाही, साठा राखून ठेवते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते. सुमारे दोन आठवड्यांपर्यंत ते तग धरू शकते.

हा गुण घेताना दात्याचे नको असलेले गुण वगळण्यासाठी संकरित रोपाचा मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करतात. यास पश्चसंकर म्हणतात. मूळ वाणाचा सरासरी वाटा पहिल्या पश्चसंकरात ७५, दुसऱ्यात ८७.५ व तिसऱ्यात ९३.७५ टक्के होतो. परंतु ही केवळ सरासरी आहे. प्रत्येक रोप वेगळे असते.

आलेखाची रचना

१९८९ मध्ये यंग आणि टँक्सली या शास्त्रज्ञांनी प्रत्येक रोपाची गुणसूत्रे रंगीत पट्ट्यांच्या रूपात दाखविण्याची पद्धत मांडली. आडवी ओळ म्हणजे एक रोप. उभा स्तंभ म्हणजे गुणसूत्रावरील एक ठिकाण, म्हणजेच मार्कर. मूळ वाणाचा अंश हिरवा, दात्याचा लाल आणि दोहोंचा मिश्र अंश पिवळा दाखविला, तर शेकडो रोपांची तुलना एका दृष्टिक्षेपात होते.

वाचन कसे करावे?

१. केवळ टक्केवारीवर जाऊ नये. समजा, ‘अ’ रोपात मूळ वाणाचा अंश ९० टक्के आहे, पण सब-१ भोवती लांब पिवळा पट्टा आहे. ‘ब’ रोपात तो अंश ८७ टक्के आहे, पण सब-१ भोवतीचा पट्टा आखूड असून उरलेले पिवळे तुकडे इतर गुणसूत्रांवर विखुरलेले आहेत. अशा वेळी ‘ब’ निवडावे. विखुरलेले तुकडे पुढील पश्चसंकरात सरासरीने निम्मे होतात. जनुकाला चिकटलेला तुकडा मात्र त्याच्यासोबतच येत राहतो. टोमॅटोच्या एका विषाणुरोधक वाणात ११ पश्चसंकरांनंतरही ९ व्या गुणसूत्राची संपूर्ण आखूड भुजा रानटी पालकाचीच आढळली होती.

२. पश्चसंकरित रोपात लाल रंग दिसू नये, कारण त्याच्या गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मूळ वाणाकडून आलेले असते. लाल ठिकाणे अनेक असतील, तर बियाण्याची सरमिसळ किंवा नमुन्याच्या चिठ्ठीची अदलाबदल तपासावी. स्वपरागीकरणानंतर मात्र लाल रंग अपेक्षितच असतो. सब-१ च्या जागी तर तोच हवा असतो.

३. पांढरी जागा म्हणजे माहिती नाही. तिला हिरवी समजू नये.

मर्यादा

दोन मार्करांमधील भाग आलेखात प्रत्यक्ष तपासलेला नसतो. मार्कर विरळ असल्यास लहान तुकडे नजरेतून सुटतात. शिवाय कोणता तुकडा उताऱ्यावर किंवा भाताच्या चवीवर परिणाम करील, हे रंग सांगत नाही. म्हणून आलेखाने निवडलेल्या वाणाचीही मूळ वाणाशेजारी शेतात चाचणी घ्यावीच लागते.

कोकण व पूर्व विदर्भातील सखल खाचरांसाठी सब-१ युक्त वाणाची शिफारस करताना विस्तार कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. हे वाण काही दिवसांचे बुडणे सहन करते, महिनाभर साचलेले पाणी नव्हे. तसेच पहिल्या वर्षी थोड्या क्षेत्रावर जुने व नवे वाण शेजारी लावून मुदत, दाणा आणि उतारा यांची नोंद ठेवावी. शेतकऱ्याच्या प्रश्नाचे अंतिम उत्तर त्याच नोंदीतून मिळेल.