उजेडाची चाल आणि त्याचे रंग

भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी आहे. पश्चिमेला मिठागरांच्या जमिनी आहेत, आणि पुढे उत्तनला समुद्र आहे. इथल्या माणसाची पाण्याशी रोजची गाठ. पण पाणी डोळ्यांना फसवते. कसे, ते घरीच करून पाहा.

एक पातेले घ्या. तळाशी एक नाणे ठेवा. आता हळूहळू मागे सरा. नाणे पातेल्याच्या काठाआड गेले की थांबा. घरातल्या कोणाला तरी पातेल्यात पाणी ओतायला सांगा. हळू ओतायचे बरे का, नाहीतर नाणे सरकेल. पाणी चढेल तसे नाणे पुन्हा दिसू लागेल! नाणे जागचे हलले नाही. तुम्हीही हलला नाहीत. मग हलले काय? उजेडाची वाट वळली.

मोकळ्या आकाशात उजेड एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. हवेतही त्याची चाल जवळजवळ तेवढीच असते. पाण्यात मात्र तो मंदावतो. तिथे त्याची चाल सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर होते. काचेत साधारण २ लाख, आणि हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही आत! पाण्यात उजेड हवेपेक्षा हळू जातो, हे १८५० साली फ्रान्समधल्या फुको नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले.

चाल मंदावली म्हणून वाट का वळावी? समजा, चार माणसे हातात हात धरून एका ओळीत बांधावरून चालली आहेत. ती तिरपी चिखलात उतरली. ज्याचा पाय आधी चिखलात पडला तो आधी मंदावला. दुसऱ्या टोकाचा अजून कोरड्यावर, तो झपाझप पुढे गेला. झाले, ओळ वळली. उजेडाचेही तसेच होते. सरळ उतरला तर वळत नाही, तिरपा उतरला तर वळतो. पाण्यातून हवेत बाहेर येतानाही तो असाच वळतो.

यात जिवाचा प्रश्न आहे. स्वच्छ पाण्याचा तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. बरोबर वरून पाहिले तर ४ फूट पाणी ३ फुटांसारखे दिसते. काठावरून तिरपे पाहिले तर त्याहूनही उथळ भासते. तीन फुटांचे पोर ‘कमरेएवढेच पाणी आहे’ म्हणून तळ्यात उतरते, आणि पाणी डोक्यावरून जाते. म्हणून आधी काठीने खोली मोजावी आणि मगच पोराला उतरू द्यावे. डोळ्यांवर विसंबू नये.

आता रंगांकडे वळू. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. शाळेतली मुले ते ‘तानापिहिनिपाजा’ असे पाठ करतात: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. मोकळ्या आकाशात या सगळ्यांची चाल अगदी सारखी. पाण्यात शिरले की फरक पडतो. तांबडा कमी मंदावतो, जांभळा जास्त. दोघांत सेकंदाला सुमारे २ हजार किलोमीटरचा फरक पडतो. जो जास्त मंदावतो तो जास्त वळतो. त्यामुळे रंग एकमेकांपासून सुटतात.

पावसाच्या थेंबात हेच घडते. उजेड थेंबात शिरताना वळतो, आतून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. सूर्य पाठीशी असला की समोर इंद्रधनुष्य दिसते. बाहेरच्या कडेला तांबडा, आतल्या कडेला जांभळा. सकाळी ते पश्चिमेला, उत्तनच्या बाजूला दिसेल. संध्याकाळी पूर्वेला. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना ते जमिनीवरून दिसत नाही.

खारे पाणी उजेडाला गोड्या पाण्यापेक्षा थोडे जास्त मंद करते. मीठ जितके जास्त तितका उजेड जास्त वळतो. याचा उपयोग कोळंबीची तळी राखणारे लोक करतात. त्यांच्याजवळ लहान दुर्बिणीसारखी एक नळी असते. तिच्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, वर झाकण दाबायचे, नळी उजेडाकडे धरायची आणि डोळा लावायचा. आत आकड्यांची पट्टी दिसते. पाणी जितके खारट तितकी पट्टीवरची रेघ वर चढते. चव घ्यावी लागत नाही.