खुर्चीला खरं कोण सांगतं?

कारखानदार, शिक्षणसंस्थांचे चालक, सहकारी बँकांचे अध्यक्ष, रुग्णालयांचे विश्वस्त अशा लोकांसोबत बसणं हे माझं काम. त्याला एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणतात. पुणे-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हे नाव आता बऱ्यापैकी रुळलंय, पण बंद दाराआड नेमकं काय चालतं याबद्दल गैरसमजही तेवढेच आहेत. या कामातून जे माझ्या मनाशी पक्कं झालं, ते इथे लिहिते.

१. पद वाढतं तसं कानावर येणारं खरं कमी होतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी सकाळच्या मीटिंगला कोपऱ्यात बसले होते. मालकांनी विचारलं, "काल रिजेक्शन किती?" मेल्टिंगचा सुपरवायझर, मोल्डिंगचा सुपरवायझर, क्वालिटीवाला, तिघांनीही आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आकडा आला आणि पाठोपाठ कारण: साच्याच्या वाळूत ओल जास्त होती, कास्टिंगमध्ये ब्लो होल (छिद्रं) आले. मालकांनी आवाज चढवला, सगळ्यांनी माना डोलावल्या, मीटिंग संपली. नंतर शॉपवर फिरताना कळलं, वाळू तपासणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांपूर्वी डिस्पॅचला हलवलं होतं आणि हलवणारे खुद्द मालकच होते. ते त्या खोलीत कुणीही बोललं नव्हतं.

ऐकलेलं मी मालकांपर्यंत नेलं नाही. आमच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारलं, "तुमच्याच एखाद्या निर्णयामुळे माल खराब झाला, तर ते तुम्हाला कोण सांगेल?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, कुणीच नाही सांगणार." आमचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

२. निष्णात माणसालाही बाहेरची नजर लागते.

"चाळीस वर्षं धंदा करतोय, मला कोण शिकवणार?" असं विचारणाऱ्यांना मी अतुल गावंडे यांचं उदाहरण सांगते. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. ते स्वतः बॉस्टनमधले नामवंत सर्जन. आपली प्रगती थांबल्यासारखी वाटली तेव्हा त्यांनी रॉबर्ट ऑस्टीन या आपल्या निवृत्त शिक्षकांना ऑपरेशन थिएटरमध्ये नुसतं बघायला बोलावलं. ऑस्टीन यांनी बारीक गोष्टी टिपल्या: शस्त्रक्रिया चालू असताना दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, आणि मधूनच कोपर खांद्याच्या उंचीवर जात होतं. गावंडे यांनी २०११ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये हा अनुभव सविस्तर लिहिला.

म्हणून मी नुसती केबिनमध्ये बसत नाही. माणसाला काम करताना पाहते. तो स्वतःबद्दल जे सांगतो आणि मीटिंगमध्ये जे करतो, त्यात अंतर असतं, आणि ते त्याला दिसत नसतं.

३. उत्तर माझ्याकडे मागू नका.

जॉन व्हिटमोर यांच्या कोचिंगवरच्या १९९२ च्या पुस्तकामुळे जगभर पसरलेली प्रश्न विचारण्याची एक रीत आहे: आधी काय हवंय, मग आज स्थिती काय, मग वाटा कोणत्या, शेवटी नक्की काय करणार. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरून सगळे उडी मारतात. "हल्ली माणसं टिकत नाहीत" हे वाक्य मी सतत ऐकते. किती गेली, कुठल्या खात्यातून, जाताना त्यांच्याशी कोण बोललं, एवढं विचारलं की मालक स्वतःच म्हणतात, "थांबा, हे बघायला हवं."

४. सहीचा ढीग हा कामाचा पुरावा नव्हे.

चहाचं व्हाउचर, गेट पास, दोन बेअरिंगचा इंडेंट, सगळं साहेबांच्या टेबलावर. मी एक वही ठेवायला सांगते. महिनाभर, जो कोणी जे काही विचारायला येईल ते तारखेसह त्यात लिहायचं. महिन्याअखेर प्रत्येक ओळीपुढे एकच खूण: हे माझ्याशिवाय अडलं असतं का? बहुतेक ओळींपुढे 'नाही' येतं. मग रकमेची मर्यादा ठरवून सह्या खाली सोपवायच्या. यात नियम एकच, पण तो फार कठीण: खालच्यानं घेतलेला निर्णय चारचौघांत फिरवायचा नाही.

५. पैसे कंपनीचे असले तरी बोलणं त्या माणसाचं.

घरच्या धंद्यात वडील मुलाला माझ्याकडे पाठवतात आणि आठवड्यानं फोन येतो, "काय म्हणतोय तो?" मी सांगत नाही. उद्दिष्टं काय, ते वडील, मुलगा आणि मी अशा तिघांनी मिळून आधीच कागदावर लिहिलेलं असतं. त्यापलीकडचं दाराबाहेर जात नाही. शिक्षा म्हणून पाठवलेल्या माणसासोबत मी काम सुरूच करत नाही. आणि समोरच्याची झोप, भूक, उमेद गेलेली दिसली, तर तिथे कोच नको, डॉक्टर हवा.

६. मागचं उकरण्यापेक्षा पुढचं विचारा.

मार्शल गोल्डस्मिथ या कोचची ही पद्धत मला मनापासून पटलेली आहे. एकच सवय निवडायची, हाताखालच्या लोकांना विचारायचं, "पुढच्या महिन्यात मी काय वेगळं करू?", आणि उत्तर ऐकून फक्त आभार मानायचे. खुलासा नाही, वाद नाही. फौंड्रीच्या मालकांनी असं विचारलं तेव्हा मेल्टिंगचा सुपरवायझर म्हणाला, "साहेब, मीटिंग नऊला नको. त्याच वेळी पहिली हीट निघते, माझं लक्ष भट्टीकडे असतं." मीटिंग अकराला गेली. इतकी साधी गोष्ट तोवर कुणी सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.

७. ही सोबत ज्यांना परवडत नाही, त्यांनाच तिची जास्त गरज आहे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंच झालेली बाई एका दिवसात संस्थाप्रमुख होते: निधी, ग्रामसभा, पाणीपट्टीची थकबाकी, ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी रोजचा संबंध. प्रशिक्षणं होतात, पुण्याच्या यशदासारख्या संस्था ते काम करतात. पण गावी परतल्यावर, "वहिनी, इथे सही करा" म्हणत कुणी कागद पुढे सरकवला, की त्या क्षणी विचारायला तिच्याजवळ कुणी नसतं. निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकारी प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना ऐकण्याचं आणि विचारण्याचं रीतसर शिक्षण द्यावं, आणि पहिली दोन वर्षं महिन्यातून एकदा त्यांनी सरपंचांसोबत बसावं. मोठ्या कंपन्यांच्या साहेबांसाठी याच गोष्टीवर लाखांनी खर्च होतो. जिल्हा परिषदांनी एक-दोन तालुक्यांत तरी हे करून पाहावं. शिकवायला माझ्यासारखे कोच वेळ काढतील, मी तर नक्कीच काढेन.