वाय-फाय मॉड्यूलची निवड

सूक्ष्मनियंत्रकास वाय-फाय मॉड्यूल जोडावयाचें झालें, म्हणजे विद्यार्थी प्रथम किंमत विचारतात. आम्ही म्हणतों, प्रथम विद्युत्प्रवाह विचारावा. ‘ईएसपी ८२६६’ हें स्वस्त मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालतें. परंतु संदेश धाडतांना त्यास सुमारें १७० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. ‘अर्डुइनो उनो आर ३’च्या ३.३ व्होल्टच्या टोकांतून फार तर ५० मिळतात. मग मॉड्यूल वारंवार बंद पडून पुन्हां सुरू होतें; विद्यार्थी निर्दोष प्रोग्राम खोडीत बसतो व शेवटीं खचतो. यास्तव ५०० मिलिअँपिअर देणारा स्वतंत्र पुरवठा आधीं योजावा. यंत्र बॅटरीवर चालणार असेल, तर मॉड्यूलचा निद्रावस्थेंतील प्रवाहही पाहावा. याचा तो सुमारें २० मायक्रोअँपिअर आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें यंत्रांसही लागू आहे.